मानवी प्रथिनाचे जनुक हाती आल्यानंतर

फोंड्याच्या एका विद्यार्थिनीने, जी सध्या जैवतंत्रज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : मानवी जनुकसंच वाचून झाला, हवे ते जनुक आता पैसे भरून कृत्रिमरीत्या तयार करून मागवता येते आणि प्रथिनाचा आकार संगणक सांगतो, मग मानवी प्रथिनांचे क्लोनिंग करून (म्हणजे त्यांचे जनुक जिवाणूसारख्या पेशीत घालून तिच्याकडून प्रथिन बनवून घेऊन) त्यांचे गुणधर्म अभ्यासण्याच्या कामात संशोधकाने कारकीर्द घालवावी असे काही उरले आहे का, आणि उरले असल्यास ते गोव्यात राहून करता येईल का?

पहिल्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट आहे. या क्षेत्राला क्लोनिंगचे नाव चिकटले ते जनुक शोधून काढणे हेच सर्वांत अवघड काम होते त्या काळात. आज ते काम फार तर काही दिवसांचे आहे आणि पुष्कळदा ते स्वतः करावेही लागत नाही. नळीत तयार झालेले प्रथिन माणसाच्या शरीरातल्या प्रथिनाशी कितपत जुळते हे दाखवणे आणि ते काय करते, किती वेगाने करते, कशाने थांबते हे मोजणे मात्र तेव्हाही अवघड होते आणि आजही आहे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी एकच सांगतो : जनुक निवडण्याआधी मापनाची पद्धत, म्हणजे ज्याला आपण प्रयोगशाळेत ॲसे म्हणतो ती, निवडा. प्रथिन कितीही महत्त्वाचे असले तरी त्याचे काम मोजण्याची खात्रीची पद्धत तुमच्या हाती नसेल, तर त्या प्रथिनावर वर्षे खर्च करू नका.

हे पटण्यासाठी एरिथ्रोपोएटिनचा इतिहास पाहावा. मूत्रपिंडात तयार होणारे हे संप्रेरक अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्याचा संदेश देते. शिकागोचे युजीन गोल्डवॉसर १९५० च्या दशकापासून ते शुद्ध स्वरूपात मिळवण्याच्या मागे होते, पण रक्तात त्याचे प्रमाण इतके अत्यल्प असते की मेंढ्यांच्या रक्तापासून केलेले प्रयत्न पुरेसे ठरले नाहीत. अखेर जपानमधील ताकाजी मियाके यांनी अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांचे मूत्र जमवून, सुकवून शिकागोला आणले. या रुग्णांच्या शरीरात पेशी तयार होत नसल्यामुळे मूत्रपिंड हा संदेश सतत पाठवत राहते आणि त्यामुळे तो मूत्रातही उतरतो. अशा २५५० लिटर मूत्रापासून त्यांनी काही मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन मिळवले आणि १९७७ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या काही मिलिग्रॅमांतून अमिनो आम्लांच्या क्रमाचे छोटे तुकडे वाचता आले, आणि अम्जेन कंपनीतील फू-कुएन लिन यांना जनुक शोधण्यासाठी तेवढाच आधार होता.

तो आधार किती अपुरा होता हे आजच्या विद्यार्थ्याच्या सहज लक्षात येत नाही. २० अमिनो आम्लांसाठी डीएनएच्या तीन-तीन अक्षरांची ६१ सांकेतिक त्रिके आहेत, त्यामुळे प्रथिनाच्या क्रमावरून डीएनएचा क्रम ठामपणे सांगता येत नाही. मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना प्रत्येकी एकच त्रिक असते. ल्युसिन, सेरिन आणि आर्जिनिन यांना मात्र प्रत्येकी सहा असतात, म्हणजे ही तीन लागोपाठ आली तर त्या नऊ अक्षरांच्या २१६ शक्यता होतात. म्हणून मेथिओनिन किंवा ट्रिप्टोफॅन असलेला तुकडा शोधायचा, त्याच्या सर्व संभाव्य डीएनए-क्रमांचे मिश्रण रासायनिक पद्धतीने बनवायचे, त्याला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण लावायची आणि संपूर्ण मानवी जनुकसंचाचे तुकडे वाहणाऱ्या लक्षावधी विषाणूंमधून जो ठिपका काळा पडेल तो उचलायचा, अशी ती पद्धत होती. लिन यांचे काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ते प्रथिन अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले.

पण मला या गोष्टीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि पाठ्यपुस्तकांत तो एका ओळीत उरकला जातो. जनुकाच्या क्रमावरून एरिथ्रोपोएटिन १९३ अमिनो आम्लांचे आहे आणि त्यांतील पहिली २७ पेशीबाहेर पडताना गळून पडतात, म्हणजे उरलेले प्रथिन १६६ अमिनो आम्लांचे आहे, असे दिसत होते. प्रत्यक्ष शुद्ध प्रथिन तपासले तेव्हा ती १६५ निघाली, कारण टोकाचे एक आर्जिनिनही पेशीत कापले जाते. हे डीएनएमध्ये कुठेही लिहिलेले नाही. त्याहून मोठा फरक शर्करेचा होता. या प्रथिनाला तीन ठिकाणी नायट्रोजनमार्फत आणि एका ठिकाणी ऑक्सिजनमार्फत शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात आणि त्याच्या एकूण वजनाचा सुमारे ४० टक्के भाग या साखळ्यांचा असतो. ई. कोलाय जिवाणू त्या जोडत नाही. जिवाणूत बनवलेले, शर्कराविरहित एरिथ्रोपोएटिन नळीतल्या पेशींवर काम करते, पण प्राण्याच्या शरीरात टोचले की फार लवकर रक्तातून नाहीसे होते. ज्याने फक्त नळीतली कसोटी वापरली असती त्याला आपले प्रथिन उत्तम आहे असेच वाटले असते. म्हणून औषधासाठी चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातील पेशी वापराव्या लागल्या. एकाच प्रथिनाच्या दोन कसोट्या दोन वेगळी उत्तरे देतात आणि त्यांतली कोणती आपल्या प्रश्नाला लागू आहे हे संशोधकाला आधी ठरवावे लागते, हे या क्षेत्रातले खरे शिक्षण आहे.

त्याच काळातली इतर उदाहरणे अशीच आहेत. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनची २१ अमिनो आम्लांची एक आणि ३० अमिनो आम्लांची दुसरी अशा दोन साखळ्या दोन वेगळ्या जिवाणूंमध्ये बनवून नंतर नळीत जोडल्या गेल्या आणि १९८२ मध्ये ते इन्सुलिन बाजारात आले. तोपर्यंत रुग्णांना डुकराच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर विसंबावे लागत असे. हिमोफिलियाशी संबंधित, रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाचे जनुक १९८४ मध्ये मिळाले. ते १,८६,००० अक्षरांवर पसरलेले असून २६ खंडांत विभागलेले आहे आणि त्यातून २३३२ अमिनो आम्लांचे परिपक्व प्रथिन तयार होते. एवढ्या मोठ्या प्रथिनाला जिवाणूचा काहीच उपयोग नव्हता.

आज हा शोधाचा टप्पा जवळजवळ संपला आहे. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, उरलेल्या फटी २०२२ मध्ये भरल्या गेल्या, आणि प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत हे आता स्थिर झाले आहे. तुम्ही प्रथिनाचे नाव टाकता, त्याचा क्रम घेता, जिवाणूला सोयीची त्रिके वापरून तो पुन्हा लिहून घेता आणि जनुक तयार होऊन एका छोट्या नळीत येते. मानवी जनुकात मध्ये येणारे, प्रथिनाची माहिती नसलेले भाग टाळण्यासाठी पूर्वी पेशीतला आरएनए काढून, १९७० मध्ये सापडलेल्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या एन्झाइमने त्याची डीएनए-प्रत करावी लागे. अजूनही ते शिकावे, कारण एकाच जनुकाचे कोणते रूप कोणत्या ऊतीत तयार होते हे त्यावाचून कळत नाही.

त्यानंतरचे काम मात्र अजूनही हाताचे आणि धीराचे आहे. बहुतेक प्रयोगशाळांत सुरुवात ई. कोलायच्या बीएल-२१ डीई-३ या वाणापासून होते, ज्यात लॉन आणि ओम्प-टी हे प्रथिने तोडणारे दोन एन्झाइम नसतात आणि टी-७ विषाणूचे पॉलिमरेज, म्हणजे जनुक वाचून त्याचा आरएनए बनवणारे एन्झाइम, जनुकसंचात बसवलेले असते. आयपीटीजी हे रसायन टाकले की ते पॉलिमरेज जागे होते आणि काही तासांत जेलवर, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, आपल्या प्रथिनाची जाड पट्टी दिसते. नवशिक्याला इथे काम फत्ते झाल्यासारखे वाटते. पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर ती सगळी पट्टी तळाच्या गाळात सापडते, कारण मानवी प्रथिनाची घडी जिवाणूच्या वेगाने पडत नाही आणि अर्धवट घडलेले रेणू एकमेकांना चिकटून साका बनतो. मग तापमान ३७ अंशांवरून १६ ते १८ अंशांवर आणायचे, आयपीटीजी कमी करायचे, विद्राव्य जोडीदार प्रथिन लावून पाहायचे, प्रथिनाचा एखादाच स्वतंत्र भाग घ्यायचा, किंवा युरियात विरघळवून पुन्हा हळूहळू घडी पाडायची. ज्या प्रथिनांत गंधकाचे बंध असतात त्यांच्यासाठी जिवाणूच्या पेशीचे अंतरंगच प्रतिकूल असते, कारण तिथे ते बंध टिकत नाहीत. अशा वेळी हट्ट न धरता यीस्ट, कीटकपेशी किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे वळावे. खर्च वाढतो, पण चुकीच्या यजमानात वर्षभर झगडण्यापेक्षा तो कमीच असतो.

शुद्धीकरणासाठी प्रथिनाला सहा हिस्टिडिनांचे (हे एक अमिनो आम्ल) शेपूट आणि ते ज्याला चिकटते तो निकेलचा कॉलम ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ झाली आणि तिने या शास्त्राला जितके सोपे केले तितकेच आळशीही केले, असे माझे मत आहे. निकेल कॉलममधून इमिडाझोल या रसायनाने सुटलेली एक स्वच्छ पट्टी म्हणजे शुद्ध आणि कार्यक्षम प्रथिन, असे गृहीत धरलेले प्रबंध मी परीक्षक म्हणून पुष्कळ वाचले आहेत. एसडीएस जेलवर प्रथिन उलगडलेल्या अवस्थेत धावते, त्यामुळे ती पट्टी घडीबद्दल काहीही सांगत नाही. ई. कोलायची स्वतःची, हिस्टिडिनांनी समृद्ध असलेली काही प्रथिनेही त्याच कॉलमला चिकटतात. म्हणून निदान वस्तुमान-वर्णपटाने रेणूचे नेमके वजन पाहावे, जेल फिल्ट्रेशनने तो एकटा, जोडीने की चौकडीने राहतो ते पाहावे, वर्तुळी द्विवर्णतेने घडी आणि तापवून स्थैर्य पाहावे, आणि धातू लागणारे एन्झाइम असेल तर प्रत्येक रेणूमागे किती धातू आहे ते मोजावे. रिकाम्या प्लाझ्मिडपासून (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या गोल तुकड्यात आपले जनुक न घालता) त्याच पद्धतीने काढलेला अर्क आणि क्रियास्थानाचे, म्हणजे जिथे क्रिया घडते त्या जागेचे, एक अमिनो आम्ल बदललेले निष्क्रिय रूप, या दोन तुलना नसतील तर क्रियाशीलतेचा कोणताही दावा मी मान्य करत नाही.

मोजण्याने जनुकाला आणि जनुकाने मोजण्याला कसे दुरुस्त केले याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमचे आहे, आणि गोव्यातल्या विद्यार्थ्याला ते परके वाटायचे कारण नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पणजीत आणि कांदोळी-कळंगुटच्या किनारपट्टीत मलेरियाने किती छळले हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. व्हायव्हॅक्स प्रकारच्या मलेरियात यकृतात दडून राहिलेल्या परजीवीसाठी प्रायमाक्विन देतात, आणि ज्यांच्या तांबड्या पेशींत हे एन्झाइम कमी असते अशा काहींच्या पेशी त्या औषधाने फुटतात. या दोहोंचा संबंध १९५६ मध्ये सिद्ध झाला. एन्झाइमचे मापन सोपे आहे : क्रियेत एनएडीपी या सहायक रेणूपासून तयार होणारा एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शोषण करतो, त्यामुळे साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वेग डोळ्यांसमोर चढताना दिसतो. इतक्या सोप्या ॲसेमुळे जगभर रुग्णांच्या रक्तातून हे एन्झाइम तपासले गेले, जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये तपासणीच्या पद्धती प्रमाणित केल्या, आणि विद्युतप्रवाहातील गती, दोन्ही सब्स्ट्रेटांसाठीचे (एन्झाइम ज्यांवर काम करते त्या द्रव्यांसाठीचे) मिकेलिस स्थिरांक (कमाल वेगाच्या निम्म्या वेगाला लागणारे त्यांचे प्रमाण), उष्णतेतील टिकाव वगैरेंवरून ४०० हून अधिक रूपांना गावांची आणि प्रदेशांची नावे मिळाली.

१९८६ मध्ये जनुकाचा क्रम मिळाला आणि त्या यादीला धक्का बसला. भूमध्यसागरी, सासारी आणि काल्यारी अशा वेगवेगळ्या नावांनी नोंदलेली रूपे एकाच उत्परिवर्तनाची निघाली; १८८ व्या जागी सेरिनऐवजी फेनिलॲलॅनिन. निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या मोजण्यातील फरकांना लोक निरनिराळी प्रथिने समजत होते. पण उलटेही घडले. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारे ए-ऋण हे रूप मोजमापांवरून एकच समजले जात होते, आणि क्रम वाचल्यावर ते एका समान बदलासोबत येणाऱ्या तीन वेगवेगळ्या दुसऱ्या बदलांपैकी कोणत्याही एकाने होऊ शकते असे दिसले. म्हणजे एकाच गुणधर्माकडे नेणारे तीन मार्ग होते. १९९५ मध्ये भारतातील आदिवासी समाजांत सापडलेल्या ओरिसा रूपात ४४ व्या ॲलॅनिनच्या जागी ग्लायसिन असते, आणि या जागेचा संबंध एनएडीपी धरण्याशी आहे. शुद्ध एन्झाइमवर मोजल्यावर एनएडीपीसाठीचा मिकेलिस स्थिरांक सुमारे पाचपट वाढलेला आढळला, म्हणजे एनएडीपीवरची पकड सैल झाली होती. क्रमावरून केलेला तर्क मापनाने पक्का झाला तो असा.

याच एन्झाइममध्ये नवशिक्यासाठी एक सापळाही आहे. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे तिच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती नवे एन्झाइम बनवू शकत नाही. सुरुवातीला मिळालेल्या साठ्यावरच तिला शेवटपर्यंत भागवावे लागते. अनेक उत्परिवर्तनांत क्रियेचा वेग जवळजवळ पूर्ववत असतो, पण प्रथिन लवकर निकामी होते, आणि म्हणून तरुण पेशी ठीक असतात व म्हाताऱ्या पेशी फुटतात. ताज्या, नुकत्याच शुद्ध केलेल्या प्रथिनाचा फक्त वेग मोजणारा संशोधक अशा उत्परिवर्तनाला निरुपद्रवी ठरवून मोकळा होईल. रुग्णाची तपासणी रक्तक्षयाचा झटका येऊन गेल्यावर लगेच केली तरीही अशीच फसगत होते, कारण म्हाताऱ्या पेशी आधीच फुटलेल्या असतात. २००० मध्ये मानवी एन्झाइमची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा क्रियास्थानापासून दूर एनएडीपीचा आणखी एक रेणू घट्ट बसलेला दिसला. तो क्रियेत भाग घेत नाही, घडी सांभाळतो, आणि सर्वांत गंभीर आजार देणारी पुष्कळ उत्परिवर्तने त्याच्या आसपास आहेत. स्थैर्याची कसोटी का हवी याचे उत्तर त्या चित्रात होते. या एन्झाइमचा अभ्यास जिवाणूत करायचा असेल तर ज्या वाणातून जिवाणूचे स्वतःचे तेच एन्झाइम काढून टाकले आहे असा वाण वापरावा, नाहीतर आपण नेमके कोणाचे एन्झाइम मोजतो आहोत हे सांगता येत नाही.

आता संगणकाबद्दल. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने प्रथिनांच्या घडीचा अंदाज प्रायोगिक रचनेच्या इतका जवळ नेला की घडीचा अंदाज बांधण्याची जुनी स्पर्धाच बदलली, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. मी स्वतः आता कोणतेही काम त्या अंदाजाकडे पाहिल्याशिवाय सुरू करत नाही. प्रथिन कुठे कापावे, कोणता भाग सैल आहे, शेपूट कोणत्या टोकाला लावावे हे त्यातून चांगले कळते. पण तो आकार कोणत्या धातूने पूर्ण होतो, कोणती शर्करा लागते, एका सेकंदाला किती रेणू बदलले जातात, एक अमिनो आम्ल बदलल्याने प्रथिन ३७ अंशांवर किती दिवस तग धरते, हे त्यातून भरवशाने मिळत नाही. (जाता जाता : संगणकाने दिलेली रचना आली तरी तिचे कोन बरोबर आहेत का हे तपासताना आपण अजूनही जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ मध्ये मांडलेला नकाशाच उघडतो.)

गोव्याचा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याला व्यवहारानेच उत्तर द्यावे लागेल. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ आणि झुआरीनगरातील बिट्स या तंत्रशिक्षण संस्थेचा परिसर इथे जिवाणूत प्रथिन बनवणे, शुद्ध करणे आणि त्याचे गतिशास्त्र मोजणे यांसाठी आवश्यक ती मूलभूत साधने आहेत. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी सूक्ष्मजीवांच्या एन्झाइमांवर काम झाले आहे आणि त्या हातांना कॉलम, फर्मेंटर नवीन नाहीत. रुग्णांच्या नमुन्यांसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्फटिकांसाठी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) प्रथिनांची स्वतंत्र किरणवाहिनी आहे, आणि क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी बंगळुरू फार दूर नाही. महागडे यंत्र आपल्या इमारतीत नसणे ही अडचण मी मोठी मानत नाही. आपल्याकडे नमुना शुद्ध आणि स्थिर असेल तर यंत्रापर्यंत पोहोचता येते. तो तसा नसेल तर शेजारच्या खोलीत यंत्र असूनही उपयोग नाही.

खऱ्या अडचणी लहान आणि रोजच्या आहेत. पावसाळ्यात दमटपणा इतका असतो की उघडलेली पावडर एका आठवड्यात गोळा होते, म्हणून आयपीटीजी, डीटीटीसारखी द्रव्ये छोट्या भागांत विरघळवून गोठवून ठेवावी. वीज गेल्यावर उणे ८० अंशांचे फ्रीझर कोणाच्या जनरेटरवर आहे हे काम सुरू करण्याआधी विचारावे, आणि महत्त्वाचे प्लाझ्मिड नेहमी दोन इमारतींत ठेवावे. थंड पेटीतून येणारे एन्झाइम चवथीच्या तोंडावर मागवू नये. पार्सल सुट्टीत अडकते आणि बर्फ वितळतो. पुनर्संयोजित डीएनएचे (एका जिवाचे जनुक दुसऱ्यात घालण्याचे) कोणतेही काम १९८९ च्या नियमांखाली संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे नोंदवावे लागते आणि मानवी रक्ताचा एक थेंब घ्यायचा तरी नैतिकता समितीची संमती लागते. या दोन्ही अर्जांना महिने जाऊ शकतात, म्हणून ते पहिल्याच सत्रात भरावेत.

कारकिर्दीविषयी दोन गोष्टी. पीएच.डी. साठी एकदा तरी गोव्याबाहेर जावे असे मी सुचवतो. हैदराबादचे पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्र, पुण्यातील संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांपैकी कुठेही, कारण वेगळ्या प्रयोगशाळेच्या शिस्तीत आपल्या सवयी तपासल्या जातात. घरापासून दूर जाण्याला आईवडिलांचा, विशेषतः मुलींच्या बाबतीत, विरोध होतो हे मला ठाऊक आहे. त्यांना घेऊन एकदा संस्था पाहून यावे, बहुतेकदा तेवढ्याने काम होते. दुसरी गोष्ट उद्योगाची. आपल्या देशात पहिली स्वदेशी पुनर्संयोजित लस, हेपटायटिस-बी ची, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये बाजारात आणली, आणि त्यानंतर मूळ जैविक औषधांसारखी औषधे बनवणारा मोठा उद्योग इथे उभा राहिला. अशा औषधांसाठी २०१२ मध्ये आलेली आणि २०१६ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे मूळ औषधाशी जुळणी रेणूच्या पातळीवर दाखवायला सांगतात. शर्करांचे प्रमाण, टोकांची कापणी, एकत्र चिकटलेले रेणू, उष्णतेतील टिकाव : एरिथ्रोपोएटिनच्या वेळी ज्यांनी संशोधकांना छळले तेच सारे प्रश्न आज नोकरीच्या जाहिरातीत असतात. फक्त क्लोनिंग येणारे उमेदवार पुष्कळ आहेत. मोजलेल्या आकड्यावर स्वतःच्या नावाची सही करू शकणारे कमी आहेत, आणि मुलाखतीत हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

तुमच्या प्रबंधासाठी सत्रभराचा वेळ आहे असे तुम्ही लिहिले आहे. तेवढ्यात अज्ञात प्रथिनाच्या मागे जाऊ नका. मानवी कार्बोनिक अनहायड्रेज-२ घ्या. सुमारे २६० अमिनो आम्लांचे, २९,००० डाल्टन वजनाचे हे एन्झाइम ई. कोलायमध्ये विद्राव्य स्वरूपात भरपूर तयार होते, त्यात गंधकाचे बंध नाहीत, आणि तीन हिस्टिडिनांनी धरलेल्या जस्तावर त्याचे सारे काम चालते. कार्बन डायऑक्साइडवर त्याचा वेग सेकंदाला दहा लाख रेणूंच्या घरात असल्यामुळे तो मोजायला खास उपकरण लागते, पण पॅरा-नायट्रोफेनिल ॲसिटेटचे विघटनही ते हळूहळू करते आणि त्यात येणारा पिवळा रंग तुमच्या विभागातल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४०० नॅनोमीटरच्या आसपास मोजता येईल. वाढीच्या माध्यमात झिंक सल्फेट घालायला विसरू नका. शुद्ध झाल्यावर डायपिकोलिनिक आम्लाने जस्त काढून घ्या आणि क्रिया बंद पडते का पाहा. जस्त परत घातल्यावर ती किती टक्के परत येते ते मोजा. मग काचबिंदूवर दिल्या जाणाऱ्या ॲसिटाझोलामाइडची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन तुमच्या नळीतील रेणूंपैकी खरोखर कार्यक्षम किती आहेत ते काढा. ब्रॅडफर्ड या रंगावर आधारलेल्या पद्धतीने मिळालेले एकूण प्रथिन आणि असे मोजलेले कार्यक्षम प्रथिन हे दोन आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, हे शोधण्यात उरलेले सत्र घालवा. ते दोन आकडे आणि तुमची वही घेऊन मार्गदर्शकांकडे जा, आणि पुढच्या प्रथिनाचे नाव त्यानंतर ठरवा.